चौदा नंबरचं घर, नाव माहीत नसलेल्या मुलीला

मी, अरुणा शशिधर वाकणकर, वय एकाहत्तर, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार नॉटिंगहॅम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. शुद्धीत असले तरी डोक्यात गोंधळ आहे, हेही नोंदवते. माझी सॉलिसिटर तनिषा इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "आंटी, कन्फ्यूज्ड असला तर चालतो. काय देताय आणि कोणाला, एवढा कळला पाहिजे." काय देते आहे ते मला कळतं. कोणाला, तिथेच अडलं आहे.

१. मी राहते ते घर मुलगा सुयश याला. विकलं तरी हरकत नाही. कढीपत्त्याची कुंडी मात्र ऑक्टोबर लागला की आत घ्यावी, दरवर्षी सांगावं लागतं.

२. यजमान कै. शशिधर यांचा रंधा, करवती आणि ड्रिल कम्युनिटी सेंटरच्या वर्कशॉपला. सुयशला खिळा ठोकता येत नाही, त्याने वाईट वाटून घेऊ नये.

३. दोन गल्ल्या पलीकडचं चौदा नंबरचं घर.

हे आम्ही भाड्याने देण्यासाठी घेतलं होतं. २०२१ साली ते समर नावाच्या माणसाला दिलं. एजन्सी त्याची कागदपत्रं तपासणार होती, मीच नको म्हटलं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने अख्खी मंत्रपुष्पांजली न बघता म्हटली होती आणि माझ्या माहेरच्या, कोल्हापूरच्या गल्लीतली दोन घरं नावानिशी सांगितली होती. आपल्या माणसाकडे कागद काय मागायचे? बरोबरच्या पाच मुली मामेबहिणी, केअर होममध्ये काम करतात, असं तो म्हणाला. अवेळी गाड्या येत-जात, तेव्हा मी शिफ्ट असेल म्हणायची. पाच बहिणी आणि एकीचा चेहरा दुसरीसारखा नाही, हे मला दिसलं होतं. दिसून मी काय केलं, तर पुरणपोळ्या पाठवल्या.

नोकरीच्या नावाखाली आणलेल्या त्या मुलींचे पासपोर्ट त्याने काढून घेतले होते, आणि माझ्या घरात त्यांना रोज पुरुषांना विकलं जात होतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

जानेवारी २०२३ मध्ये माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी पाचही जणींना बोलावलं, समरने एकीलाच पाठवलं. तिला तो अक्षया म्हणायचा. सगळ्या बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात कप विसळत राहिली. मग म्हणाली, "काकू, मी आज इथे राहू?"

"का गं, दादाशी भांडलीस?"

तिने विसळलेलाच कप पुन्हा नळाखाली धरला. शशिधर म्हणाले, "राहू दे की." मी म्हटलं, लोकांची मुलगी, विचारल्याशिवाय कशी ठेवायची? साडेचारलाच अंधार पडला होता. तिन्हीसांजेला मुलीला एकटीला पाठवायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. म्हणून मी समरला फोन केला. तो पाच मिनिटांत आला, मला वाकून नमस्कार केला. मी त्याला तिळगूळ दिला, तिच्या हातात वाणाचा डबा दिला आणि तिला त्याच्या गाडीत बसवलं.

नऊ दिवसांनी पोलीस आले. चौघी सापडल्या. अक्षया सापडली नाही. समर तुरुंगात आहे, तिचं काय केलं ते सांगत नाही. कधी वाटतं ती मायदेशी परतली असेल, कधी वेगळंच वाटतं. कधी तिचाच राग येतो, सरळ सांगायचं ना, मला काय मराठी कळत नव्हतं? मग वाटतं, तिने सांगितलंच होतं.

तनिषा म्हणते, लॉला नाव लागतो. अक्षया हे खरं नाव की समरने ठेवलेलं, कोणालाच ठाऊक नाही. म्हणून वर्णन लिहिते. तेव्हा वय बावीस-तेवीस, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, डावखुरी. आईची पिठाची गिरणी आहे म्हणाली होती, गाव मी विचारलं नाही. घर तिला. सुयशने विश्वस्त म्हणून ते सांभाळावं आणि वीस वर्षं तिची वाट बघावी. तोवर अशाच घरांतून सुटलेल्या बायकांना तिथे राहू द्यावं. त्यांच्याकडे आल्या आल्या कागद मागू नयेत. ज्याच्याकडे मागायचे होते, त्याच्याकडे मी मागितले नाहीत.

४. मंडळाचे सचिव ज्ञानेश्वर यांनी पोलीस येऊन गेल्यावर मला सांगितलं, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळाचं नाव कशाला घ्यायचं?" त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. चहा घ्यावा आणि खुर्च्या उचलायला मदत करावी.

५. सोन्याच्या बांगड्या यमुनाला द्यायच्या होत्या. सुटलेल्या चौघींपैकी ही एक, आता शाळेच्या कँटीनमध्ये काम करते आणि रविवारी माझ्याकडे जेवते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मी विचारलं, बांगड्या हव्यात की सही करशील? म्हणाली, "सही करते, काकू. इतके दिवस माझ्या सह्या दुसरेच करत होते." म्हणून बांगड्या नात मायरा हिला.

सहीपूर्वीची नोंद. आज यमुनाने हे सगळं मोठ्याने वाचलं. तिसऱ्या कलमाशी थांबली.

"काकू, ती आपणहून आली नव्हती. आम्ही पाठवली होती. तो एकीलाच सोडणार होता. बायका गेल्या की राहू का विचारायचं, आणि तुम्ही ठेवून घेतलंत की मगच तुम्हाला सगळं सांगायचं, असं आमचं ठरलं होतं."

मी विचारलं, तीच का?

"तिला रडू आवरता यायचं. सणाच्या घरी रडणारी मुलगी तुम्हाला आवडली नसती."

म्हणजे पाच जणींनी मिळून एकीला माझ्या दारात पाठवलं होतं, आणि मला आवडावी म्हणून न रडणारी निवडली होती. तनिषाने विचारलं, "आंटी, काही चेंज करायचा?" मी तिसरं कलम पुन्हा एकदा वाचलं आणि तसंच ठेवलं. यमुनाने पेन माझ्या हातात दिलं.

वरील मजकूर माझाच आहे. मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्या दोघींनी माझ्या.

सही: अरुणा शशिधर वाकणकर

साक्षीदार:
१. तनिषा दाभोळे, सॉलिसिटर
२. यमुना बाबू कांबळे, कँटीन कर्मचारी

नॉटिंगहॅम, ११ नोव्हेंबर २०२५