सगुणाच्या बेटावरचं पाखरू

दिव्याचे बेट
ता. ४ डिसेंबर १९५८

ती. गोजराबायस, धाकट्या बहिणीचा, सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघे खुशाल. हे दीपगृहाचा दिवा सांभाळतात आणि मी समुद्र बघते. पण एक नवल सांगते. इथे खडकांवर राखी रंगाचं, मुठीएवढं पाखरू आहे. पाखरांचा अभ्यास करायला आलेले मुंबईचे साहेब म्हणाले, साऱ्या जगात ते फक्त याच बेटावर सापडतं. मी भांडी घासताना धवला, आपलं हळदीचं गाणं, म्हणत होते, तर त्याने मागून लकेर घेतली! आता मी ओळ म्हणते, ते शेवट उचलतं. साहेबांनी दोघांचं गाणं यंत्रावर घेतलं. संक्रांतीला रेडिओवर लागेल. लग्नांत धवले गाताना तू मला मागे बसवायचीस ना? आता ऐक. आणि आईलाही ऐकव.

तुझ्या मायेची भुकेली,
सगुणा

बोनकोडे
ता. २० जानेवारी १९५९

चि. सौ. सगुणास गोजराचे अनेक आशीर्वाद.

ऐकला रेडिओ. गोटीरामशेटच्या ओटीवर सगळा गाव जमला होता. दुसऱ्या ओळीला तुझा सूर घसरला, पण ते कुणाला कळणार! आई रेडिओच्या पेटीवरून हात फिरवत रडली. तिला आता अजिबात दिसत नाही. न्हाऊ घालते मी, भरवते मी, आणि ती दिवसभर बोलते तुझ्याबद्दल. परवा शेवंताबाईकडे हळदीला मी तोंड उघडलं, तर बाया म्हणाल्या, सगुणाच्या पाखरासारखं म्हण. इतकी वर्षं या गावचे धवले कोण गातं गो? माझा नुसता जळफळाट झाला. जगात एकाच बेटावर असलेलं पाखरू तुझ्याच चुलीशी का यावं? एक पिंजऱ्यात घालून पाठव. राग मानू नकोस. मानलास तर मान.

तुझीच,
गोजरा

दिव्याचे बेट
ता. १५ फेब्रुवारी १९५९

ती. गोजराबायस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. यांनी नर धरलाय. पिंजऱ्यात तो गात नाही; मादी छपरावरून हाका मारते. साहेबांनी बजावलं होतं, बेटाबाहेर ते जगायचं नाही. पण तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस, म्हणून धरला. तू हो म्हणालीस तर पुढच्या बोटीने पाठवते. नाहीतर दार उघडते.

लोभ कमी करू नकोस.
सगुणा

बोनकोडे
ता. ५ मार्च १९५९

चि. सौ. सगुणास अनेक आशीर्वाद.

पाखरू सोड, पत्र मिळताच सोड. पुतळाच्या हळदीला आईला धरून मांडवात नेलं होतं. मी धवला धरला, आणि ओळीच्या शेवटी माझ्याच गळ्यातून त्या मेल्या पाखराची लकेर निघाली. आईने विचारलं, सगुना आली का गो? माझ्या अंगाची आग झाली. घसा माझा, आणि नाव तुझं! मी गोजरा, असं सांगणारच होते. पण तिने दोन्ही हात पुढे केले, चेहरा असा फुलला, की मी म्हटलं, हो आये, आले.

तिने मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, चांगली गातेस पोरी, पन गोजराची सर नाय तुला.

आता तुझं पाखरू नको मला. आईला भेटायला मात्र ये, आणि आलीस की माझ्याच शेजारी बस.

तुझी बाय,
गोजरा