काकूंच्या श्वासाबरोबर

सोमवार, २ तारीख

पोचले एकदाची. सामान तिसऱ्या मजल्यावर चढवताना रखवालदाराशी बोलत होते, तो खाली थांबल्यावर स्वतःशीच बोलत राहिले. घरी मला रेडिओ म्हणतात ते उगाच नाही. खोली नीटनेटकी आहे, पलंग कुरकुरतो, खिडकीतून उतारावरचं फाटक दिसतं.

हे रुग्णालय सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मोठ्या माणसांचं. आजार जन्मतःच असतो: फुप्फुसांत चिकट कफ साचतो, घाम फार खारट येतो. पूर्वी ही मुलं शाळेच्या वयातच जायची. आता पन्नाशी गाठतात, आणि मग मधुमेह, ठिसूळ हाडं, सगळं मागे लागतं. पण हा आजार ओळखणारे डॉक्टर अजून लहान मुलांचेच. म्हणून आम्हा नव्या डॉक्टरांना इथे तीन आठवडे शिकवतात. या खेपेला मी एकटीच आहे, त्यामुळे पहिला नंबर माझाच.

संध्याकाळी फोनवर चिमणीला गोष्ट सांगितली. लेक चार वर्षांची आहे आणि माझी हुबेहूब नक्कल करते. मी शिंकले की तीही शिंकते. नवरा म्हणाला, एक रेडिओ गेला तर दुसरा चालू आहे.

बुधवार, ४ तारीख

माझ्या वाट्याला काकू आल्या. वय चोपन्न, आवाज खरखरीत, जीभ तिखट. म्हणाल्या, दहाव्या वाढदिवसापर्यंत टिकणार नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे म्हातारपणाची तयारीच केली नाही, आता गुडघे दुखले की अपमान वाटतो. मला त्या फार आवडल्या.

इथे दोन रुग्णांना एका खोलीत कधीच बसू देत नाहीत, कारण एकाचे जंतू दुसऱ्याला घातक ठरतात. प्रत्येकाला काचेच्या दाराची वेगळी खोली. शेजारी वर्षानुवर्षं काचेतूनच हात करतात. आम्हा निरोग्यांना मात्र आत जायला हरकत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी पहिला धडा दिला. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि काकूंसमोर बसून त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. डॉक्टरांचं म्हणणं असं की रुग्णाची धाप पुस्तकात कळत नाही, ती छातीत कळावी लागते. मला पटलं. नळी काढल्यावर असा मोठा श्वास घेतला की काकू हसल्या.

शनिवार, ७ तारीख

आज आणखी बारीक नळी. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण हार मानली नाही. काकूंची तब्येत मात्र सुधारते आहे. आज त्या न थांबता व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या. नर्सताईंनी माझी पाठ थोपटली. मी फुशारून गेले.

नंतर जिना चढताना मध्येच बसावं लागलं. दमले असेन.

मंगळवार, १० तारीख

नळी काढली तरी ती तोंडात असल्यासारखं वाटतं. श्वास तेवढाच येतो. वरचा ओठ चाटला तर मिठाचा खडा चाटल्यासारखं. चिमणीची गोष्ट अर्ध्यावर राहिली, खोकल्याने बोलू दिलं नाही. पलीकडून तीही खोकली, माझ्यासारखीच. नवरा हसला. मला हसू आलं नाही.

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नव्या डॉक्टरला प्रत्येक आजार स्वतःला झाल्यासारखा वाटतो. मीही तेच म्हणाले. हा आजार लागत नाही. जन्मतःच असावा लागतो. हे मला माहीत आहे.

शुक्रवार, १३ तारीख

काकू जिना चढून माझ्या खोलीत आल्या. एका दमात. माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, बाळा, औषधांनी आम्ही तिशीपर्यंत येतो. पुढचं तुम्ही देता.

मी बॅग भरली. फाटकापर्यंत उतारच तर आहे. अर्ध्या वाटेवर खाली बसले. रखवालदाराने चाकांची खुर्ची आणली. काही विचारलं नाही, जणू तो वाटच बघत होता.

रविवार, १५ तारीख

आता मला काचेचं दार आहे. काकूंना आत यायची मनाई, नियम आहे ना. त्या बाहेरून हात करतात.

मोठे डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मीही याच खोलीत होतो. पुढचा डॉक्टर शिकायला आला की तुमच्यासमोर बसेल. तुम्ही मोकळ्या. नळी फक्त सवयीसाठी. मन लावून तुमच्याबरोबर श्वास घेणारं माणूस मिळालं की झालं.

मी नाही म्हणाले. मी कुणालाही समोर बसवणार नाही. एवढं बोलायला तीनदा थांबावं लागलं.

बुधवार, १८ तारीख

बोलवत नाही. लिहून काचेला लावते, मग बाहेरचे वाचतात. रेडिओ बंद. फोनही उचलत नाही — माझी धाप तिने ऐकू नये —

डॉक्टरांनी घरी कळवलं. दया आली म्हणे. उद्या दोघं येणार.

नर्सताईंना लिहून दाखवलं, लेकीला आणू देऊ नका. त्या म्हणाल्या, आईला भेटल्याने बरंच वाटेल.

गुरुवार, १९ तारीख

आले. नवरा डॉक्टरांकडे गेला. चिमणी काचेपाशी एकटी.

मी पाठ फिरवली. तिने काच वाजवली — वाजवतच राहिली — वळले.

ती बघते आहे. माझे खांदे वर जातात. तिचेही. माझं तोंड उघडं. तिचंही.

खेळ वाटतोय तिला.

लिहिलं — असं करू नको, पळ. काचेला लावलं. तिला वाचता येत नाही अजून. कागदाकडे बघून हसली, आणि पुन्हा —

श्वास धरून पाहिला. तिनेही धरला. मला सोडावाच लागला —

छातीत काहीतरी सुटलं. हवा आली. खोलवर. किती दिवसांनी.

आता ओरडता येईल. ती ऐकेल माझं, नेहमी ऐकते. ओरडतेच —

फक्त आणखी एक —