मागच्या डाव्या बाजूचा पोचा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा रंगलेल्या हातांनी नमस्कार. (कागदाच्या कोपऱ्यात निळा डाग दिसतोय तो माझा अंगठा. पुसायला गेलो की पसरतो, म्हणून तसाच पाठवतोय.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का? आणि तुझ्या वाचनालयातली ती मंडळी, पुस्तक नेऊन वर्षभर तोंड न दाखवणारी, अजून तशीच आहेत का? इकडे सगळं ठीक. बाबांची साखर आटोक्यात आहे, तुझ्या भावजयीचा राग आटोक्यात येऊ लागलाय, आणि मी हे पत्र लिहिण्याइतका शुद्धीवर आहे.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. बाबांचा हुकूम आहे. ते समोर खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसलेत, पण गेला अर्धा तास पान उलटलेलं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती फोनवर मी हसण्यावारी नेईन असं त्यांचं म्हणणं. म्हणून कागदावर आणि सहीनिशी. एका ओळीचं काम आहे म्हणतात. ती ओळ येईलच. पण एकदम तीच लिहिली तर तुला आगापिछा कळणार नाही (आणि मलाही धीर गोळा करायला थोडा वेळ हवा), तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला हे तुला माहीतच आहे. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी मला पाहिलं, फारसे खूश झाले नाहीत, आणि मग म्हणाले, आता आपली गाडी पुन्हा एकदा बघता आली असती तर बरं झालं असतं. आपली गाडी म्हणजे ती जुनी, विकली तेव्हा बाबा दोन दिवस धड जेवले नव्हते ती. फोटो एकच सापडला, काळा-पांढरा. त्यात अर्धी गाडी आणि बाकी सगळ्या तुझ्या वेण्या. बाबांनी तो भिंगाखाली धरला आणि परत दिला. मग मी मनाशी ठरवलं की त्यांना ती गाडी तळहातावर आणून द्यायची. त्याच गाडीचा प्लॅस्टिकचा संच मिळतो, चोवीस पटींनी लहान. सुटे भाग जोडायचे आणि घरीच रंगवायचे. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर राईएवढे स्क्रू पिळणारा माणूस. चिमटे आहेत, भिंग आहे, हात स्थिर आहे. एका रविवारचं काम, असं मी घरात जाहीर केलं. त्याला आता सात आठवडे झाले.

पहिली अडचण रंगाची. रंगाच्या दुकानातल्या माणसाने चौदा निळे दाखवले आणि यातला कुठला म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाबांचा. त्याच्या यादीत तो नव्हता. घरी विचारलं तर बाबा म्हणाले, आकाशी मुळीच नाही, त्यात जरा राख होती. राख किती, ते सांगेनात. मग मला आठवलं की गाडीचा उरलेला रंग बाबांनी दारावरच्या टपालपेटीला दिला होता. नंतर तिच्यावर तपकिरी रंगाचे दोन हात बसले, पण नाण्याने खरवडल्यावर खाली तो सापडला. ताई, त्या नखाएवढ्या निळ्या तुकड्याकडे बघत मी दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग पेटीच भिंतीवरून उतरवली आणि बगलेत मारून दुकानात नेली. त्या माणसाने काही न विचारता हुबेहूब रंग करून दिला. (तेवढ्यात इकडे पोस्टमन येऊन गेला. पत्रं त्याने बाबांच्या हातात दिली आणि पेटी काढून टाकण्याइतकं आमचं काय बिनसलं, अशी चौकशी केली. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.)

रंग मारायचा तर धूळ नको, म्हणून मी न्हाणीघर निवडलं. तिथे धूळ नव्हती, टॉवेल होते. आता आपल्या घरातल्या प्रत्येक टॉवेलवर बारीक निळे ठिपके आहेत आणि तुझी भावजय पाहुण्यांना ते डिझाइन असल्याचं सांगते. पहिला हात बिघडला, संत्र्याची साल दिसते तसा पृष्ठभाग आला. तो झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढला, दुसरा दिला. दुसरा ओघळला. तिसरा बसला. तो वाळेपर्यंत वर काही पडू नये म्हणून मी गाडी जेवायच्या टेबलावर ठेवून तिच्यावर मोठं पातेलं पालथं घातलं आणि वर चिठ्ठी लावली, उचलू नये. तीन दिवस आम्ही तिघंही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. चौथ्या दिवशी मीच घाईघाईत पातेलं उचललं आणि त्याची कड गाडीच्या टपाला लागली. (चौथा हात.)

मग आरसा. डावीकडचा, तांदळाच्या दाण्याएवढा. चिमट्यातून उडाला आणि गेला. मी भुईसपाट होऊन दोन तास शोधला, आणि तो सापडत नाही असं पाहून तुझ्या भावजयीने मदत म्हणून खोलीत झाडू फिरवणारं ते यंत्र चालवलं. त्या यंत्राने खोलीत बरंच काही शोधून काढलं आणि सगळं गिळलं. मग त्याची पिशवी उलटी करून मी आठवडाभराची धूळ पिठाच्या चाळणीतून चाळली. आरसा मिळाला. चाळणी गेली. तुझी भावजय तेव्हा मला जे म्हणाली ते बाबा समोर असल्यामुळे लिहीत नाही, पण त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं, की तुम्ही माझ्यासाठी कधी काही चाळलंय का. मी विचार केला. नव्हतं चाळलं. तिला आता दोन चाळण्या आणून दिल्या आहेत.

बाकी बारीकसारीक कामांत मात्र मला स्वर्ग मिळाला. काचांभोवतीची चंदेरी पट्टी मी बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी वर्ख कापून बसवली. नंबर टूथपिकने लिहिला. मागच्या सीटवरची उसवलेली शिवणसुद्धा रेखाटली. आणि मग उरला तुझा पोचा. मागच्या डाव्या चाकाच्या वरचा. तो नसेल तर ती आपली गाडी नव्हेच, दुसऱ्या कोणाचीही असेल. आपल्या घरात गाडीचा विषय निघाला आणि तुझ्या पोच्यावरून कोणी तुला चिडवलं नाही, असं या सदतीस वर्षांत झालेलं नाही. चमचा तापवून त्याची पाठ प्लॅस्टिकवर दाबायची असते. पहिल्यांदा चमचा आरपार गेला. भोक पुट्टी भरून बुजवलं, घासलं, पाचवा हात दिला. दुसऱ्या खेपेला पोचा असा जमला म्हणून सांगू. तोच आकार, खाली तीच बारीक चीर. मी अगदी भान हरपून काम करत होतो. (हे वाक्य लक्षात ठेव. पुढे माझ्या बाजूने तेवढंच आहे.)

काल दुपारी जेवणं झाल्यावर मी गाडी बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंग घेतलं. नंबर वाचला, मोठ्याने. वायपरला नख लावून पाहिलं. ती उसवलेली शिवण दिसल्यावर त्यांचा चेहरा असा काही झाला की मला सात आठवड्यांचं सगळं भरून पावलं, आणि तुझी भावजय टॉवेलांचा राग विसरून डोळे पुसत होती, एका ठिपक्यांच्या टॉवेलनेच. असा एकंदरीत आनंदीआनंद झाला. बाबांना गाडी दिसली. सर्व कुशल. तुम्ही उभयतांनी प्रकृतीला जपावं, गुडघ्यावर जोर देऊ नये. चिंटूला आशीर्वाद. (तो आता स्वतः बाप झालाय हे माहीत आहे, पण सवय.)

तुझा धाकटा

ता. क. बाबांनी पत्र वाचायला मागितलं, वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, ओळ कुठे आहे?

ता. क. २. बरं. भान हरपून काम करताना मी त्या पोच्याच्या खोलगटात टूथपिकने हिरव्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. कारण ती तिथे होती. बाबांचं भिंग तिथे आलं आणि थांबलं. त्यांनी विचारलं, हा हिरवा कुठून आणलास? मी म्हटलं, असाच होता की. बाबा म्हणाले, "होता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी उठायच्या आत मी तो रॉकेलने पुसून काढला होता. तो हिरवा मी पाहिला, आणि ज्याने गाडी ठोकली त्याने पाहिला." शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात फाटकाला हिरवा रंग दिला होता, आठवतं? बाबांची दाढ तेव्हा त्यांच्याकडे अर्धी कोरलेली होती, म्हणून बाबांनी पुरावा नष्ट केला.

ओळ अशी. ताई, पोचा तुझा नाही, माझा आहे.

तू त्या दिवशी बाजारातून दुपारी गाडी आणलीस ती व्यवस्थित आणलीस आणि व्यवस्थित लावलीस. तुम्ही सगळे आडवे झाल्यावर मी खिळ्यावरची किल्ली काढली. चौदा वर्षांचा होतो. नुसतं इंजिन ऐकायचं होतं, पण गाडी मागे गेली आणि फाटकाला भिडली. मग मी ती पुन्हा होती त्या जागी लावली. (इतकी अचूक गाडी मी त्यानंतर कधीच लावलेली नाही.) संध्याकाळी अंधारात बाबांच्या हाताला पोचा लागला आणि तुला बोलणी बसली. आधी तू शपथेवर नाही म्हणालीस, आणि दोन दिवसांनी स्वतःच म्हणालीस की बाजारात खांबाला घासली असेल, मला कळलं नसेल. तेव्हा मी दाराआड होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नंतर दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं, आणि चिडवणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा, हे तुलाही ठाऊक आहे. मला फार लाज वाटते, ताई. बाबांनी तेव्हा तुझ्याकडून किल्ली काढून घेतली ती कायमची, आणि तू आजही दोन बस बदलून वाचनालयात जातेस. चिडायचं तेवढं चीड, पण उत्तर पाठव.

ता. क. ३. (हे अक्षर माझं आहे. हात हलतो, समजून घे.) बाळ, याने अर्धंच सांगितलं. गाडी ठोकली म्हणून मी तुझ्याकडून किल्ली काढून घेतली नव्हती. फाटकाचा हिरवा मी पाहिला होता, आणि तू खांब म्हणालीस. मला वाटलं, तू माझ्याशी खोटं बोललीस. तुला एकदा बोलावून नीट विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही. चूक माझी आहे. आता तुला एकच मागतो. गाडी पुन्हा शीक. तिकडे चांगला शिकवणारा बघ. मी चौऱ्याऐंशीचा आहे म्हणून घाई करू नकोस, मी थांबतो. परवाना मिळाला की इकडे ये. याची गाडी तू चालव, मी तुझ्या शेजारी बसेन. हा मागे बसेल आणि बोलणार नाही.

बाबा