दहा घातल्यावर

हुडकेश्वर, नागपूर
६ जुलै २०२५

ती. गोपिकाआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तापात तुझे कान गेल्यापासून तू शाळेत जाऊनच नाही राहिलीस, राजीनामाही लिहून ठेवलास, असं बाबा म्हणतात. काहून वं, असं तुले विचार म्हणाले. विचारलं.

माझं एक अडलंय. १२१ म्हणजे ११ चा वर्ग, १२३२१ म्हणजे १११ चा. असं नऊपर्यंत चढून उतरलं, तर १२३४५६७८९८७६५४३२१ हाही वर्गच, नऊ एक्क्यांच्या संख्येचा! मी हरखून दहाही घातला : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हा कशाचाच वर्ग नाही. तीन, सात, अकरानंही भाग जात नाही. मैत्रिणी म्हणतात, दहानं खेळ बिघडवला. तुला काय वाटतं?

तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,
प्रीती


काटोल
१४ जुलै

चि. प्रीतीस अनेक आशीर्वाद.

तुझा आकडा आला आणि माझी भाजी करपली. अंकांची बेरीज ९१, म्हणजे तीननं भाग जाणार नाही हे भागाकाराआधीच कळतं, वेडे! पुढे तेरा, सतरा, एकोणीस करत गेले. तो कुणालाच दाद देत नाही. बिघडला कशावरून? मला वाटतं, ही मूळ संख्याच असावी. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. पण वीस अंकी! हातानं ठरवायला माझा जन्म पुरायचा नाही. कुणाकडून संगणकावर तपासून घे.

राहिलं शाळेचं. सातवीतल्या दुर्गेशनं काहीतरी विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं, वर्ग हसला. पोरांचा प्रश्नच ऐकू येत नसेल तर मी बाई कसली? तुझ्या बाबांना सांग, रागावू नको म्हणावं.

सगळ्यांवर माया असलेली,
गोपिकाआत्या


हुडकेश्वर
२२ जुलै

ती. आत्यास सविनय जयभीम.

मूळ संख्याच आहे! शेजारचा सौरवदादा इंजिनिअरिंगला आहे. तो आधी म्हणाला, इतका सुबक आकडा मूळ कसा असेल? संगणकावर दोनदा तपासलं, तेव्हा मानलं त्यानं. मी घरभर नाचले, तर आई म्हणे, पोट्टी पागल झाली.

आत्या, माझा प्रश्न तुला कळला ना? मग दुर्गेशलाही लिहायला सांग. फळा आहेच की वं तिथं.

हट्टी भाची,
प्रीती


काटोल
२ ऑगस्ट

चि. प्रीतीस आशीर्वाद.

राजीनामा देण्याआधी एकदा जाऊन पाहावं म्हटलं. परवा सातवीचा शेवटचा तास घेतला. फळ्यावर तुझा आकडा लिहिला, याला भाग घालून दाखवा म्हटलं, आणि ज्याला काही विचारायचं असेल त्यानं खडू घ्यावा. मग दुर्गेश उठला. त्यानं लिहिलं, बाई, त्या दिवशी मी विचारलं होतं, शून्यानं भाग काहून देता येत नाही?

मी सांगितलं, आणि मग खडूसाठी नुसती झोंबाझोंबी! एका मुलीनं लिहिलं, अकराही घातले तर? मला ठाऊक नाही, असं मीही फळ्यावरच लिहिलं. सगळी वाकून भागाकाराला लागली.

किती वेळ गेला कळलं नाही. पाहते तो शिपाई दारात उभा, हातानं कुलूप दाखवतोय. शाळा केव्हाच सुटली होती. घंटा मला ऐकू आली नव्हती, आणि पोरांपैकी एकानंही ती झाल्याचं सांगितलं नव्हतं.

आता तासाला निघते. माया अशीच राहू दे.

तुझी,
गोपिकाआत्या