येतो जी

१४ डिसेंबर १९८१, सोमवार. बपेरा.

आले एकदाची! तुमसरहून एस.टी.त बाळीनं एकदाही तोंड उघडलं नाही, माझ्याच तोंडाचा पट्टा चालू होता. हे दोन महिन्यांपूर्वी इथं वनखात्यात कारकून म्हणून रुजू झाले. आता सव्वा महिन्याच्या लेकीला घेऊन मीही वर्ध्याहून, माहेरून, आले. घर गावाच्या अगदी टोकाला, कवेलूचं म्हणजे कौलारू. आधी फाटक, मग अंगण, मग ओसरी आणि मागे आमची खोली. फाटकापासून माझ्या बाजेपर्यंत मोजून पंचवीस पावलं. पलीकडे नुसते धानशेतीचे रिकामे बांधे आणि जंगल.

बाळी आठव्या महिन्यातच झाली, म्हणून मूठभर आहे. डॉक्टर म्हणाले, हिला औषध एकच, ऊब. दूध किती प्यायली आणि पाय गरम की गार, ते रोज लिहायला बाबांनी ही वही दिली. माझी बडबडही हिच्यातच जाणार, त्याला इलाज नाही.

बैलगाडीतून सामान आणणारा बंडीवाला निघताना "येतो जी" म्हणाला. ह्यांनी "या, या, नक्की या" असं काही मनापासून म्हटलं, की तो बिचारा चहा मिळेल म्हणून थबकला. निघताना 'जातो' कुणीच म्हणत नाही आणि 'जा' असं उत्तरही कुणी देत नाही, पण ह्यांच्या 'या'ला तोड नाही.

पाय गरम.

१६ डिसेंबर, बुधवार.

इथली थंडी चावते. पण आमच्या खोलीत गोरसी आहे. म्हणजे मातीचं मोठं तसराळं, बाजेशेजारी जमिनीत लिंपून बसवलेलं. खाली विस्तव, वर धानाचा कोंडा. फुंकायचं नाही, तो आपला आपण धुमसत राहतो. शेजारच्या रंभाबाईंनी सगळं शिकवलं. त्या म्हणाल्या, लेकरू हाय तवरिक गोरसी इझू नोका देऊ जी. बाई प्रेमळ आहे, पण खोलीच्या आत पाऊल टाकत नाही. मी दोनदा आग्रह केला. दोन्ही वेळा तिला घरचं काम आठवलं.

पाय गरम. दूध सहा वेळा.

१८ डिसेंबर, शुक्रवार.

हे सकाळी सागाच्या कटाईवर गेले. आता थेट पुढच्या शनिवारी. मी रडले नाही, फक्त भांडी जरा जोरात घासली.

दिवेलागणीला फाटकाशी एक बाई आली. हातात खापर, डोक्यावरून पदर. विस्तव मागत होती. माह्या लेकराले थंडी वाजून राहिली, म्हणाली. माझा जीव गलबलला. चिमट्यानं चार चांगले निखारे नेऊन तिच्या खापरात टाकले. "येतो जी," म्हणाली. इथल्या बायकाही 'येतो'च म्हणतात. मी म्हटलं, "या."

पाय गरम.

१९ डिसेंबर, शनिवार.

सकाळी गोरसी तडकलेली, बोट जाईल एवढी भेग. ताराचंद कुंभार येऊन लिंपून गेला. मातीत खोट नाही म्हणाला, मग तडकली कशी ते त्यालाही सांगता येईना. संध्याकाळपर्यंत भेग पुन्हा उघडली. कोंडा घातला की काळा पडतो, धुमसतच नाही.

ती बाई पुन्हा आली. आज अंगणात, तुळशीपाशी उभी होती. फाटक वाजल्याचं मला ऐकू आलं नाही. माझ्याच गोरसीत विस्तव कमी होता, तरी दोन निखारे दिले. आईला आईनं नाही कसं म्हणायचं? "येतो जी." "या."

पाय कोमट.

२० डिसेंबर, रविवार.

ओसरीवर आली. मी दार उघडलं तेव्हा ती बसलेलीच होती. एकच निखारा देऊ शकले. खापरात पडताच तो काळा झाला, चुर्र असा आवाजसुद्धा नाही. ती म्हणाली येतो, आणि मी या म्हटलं. सवयच ती.

बाळीचे पाय माझ्या पोटाशी धरून बसले आहे. मला बारीक ताप आहे.

२१ डिसेंबर, सोमवार.

आज फाटकाशी, कुंपणाला लागून, सात निखारे सापडले. काळे, आख्खे, एकाशेजारी एक मांडलेले. मी दिलेले सातच होते.

रंभाबाईंना हाक मारून दाखवले. तान्हं लेकरू घरात असताना दिवे लागल्यावर विस्तव देत नाहीत, एवढं माहेरी शिकवलं नाही का म्हणाल्या. मग सांगितलं. आठ हिवाळ्यांपूर्वी ह्याच घरात धुरपता नावाची बाई राहायची. अशाच थंडीत तिची गोरसी तडकली. ती दिवेलागणीला खापर घेऊन दारोदार फिरली. वेळ टळलेली, म्हणून कुणी विस्तव दिला नाही. सकाळी लेकरू गार झालेलं. चौथ्या दिवशी तीही गेली.

रंभाबाई रडत म्हणाल्या, "मीनबी नाही देल्लं जी. पन दारातून जाताना थे येतो म्हने, अन् सारं गाव या म्हने. मीबी म्हनलं."

मग मला विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

मी सांगितलं. किती वेळा, तेही सांगितलं.

२२ डिसेंबर, मंगळवार.

रंभाबाई म्हणतात, ती येतो म्हणाली की तोंड मिटून बसायचं. उत्तर मिळालं नाही तर ती आपोआप परतेल. मी म्हटलं, मला तुमच्या घरी न्या. त्यांनी मान फिरवली. तुमच्या मागं थे माह्या घरी येईल जी, म्हणाल्या. त्यांच्याही घरात नातू आहे. त्यांचा मला राग येत नाही. येतोही.

त्यांनी दुपारी घमेलंभर विस्तव आणून दिला. फाटकाच्या आत येताच काळा.

एस.टी. धरावी तर माझा ताप, आणि त्या गार वाऱ्यात बाळी—नाही. फॉरेस्ट गार्डबरोबर ह्यांना चिठ्ठी पाठवली. भंडाऱ्याहून लोखंडी शेगडी आणा, लगेच या.

लगेच या, असं लिहिलं. हा शब्दसुद्धा लिहिताना आधी दाराकडे बघितलं.

पाय गार. चोळले की थोडे कोमट.

२३ डिसेंबर.

दोन दिवस दिसली नव्हती. आज खोलीच्या दारात. उंबऱ्याच्या बाहेर. हातात खापर नाही.

विस्तव नाही मागितला. बाळीकडे बघत होती. म्हणाली, किती ऊन हाय व हे.

ऊन म्हणजे गरम. माझ्या बाळीला.

येतो जी, म्हणाली. मी पदर तोंडात कोंबला. ती थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मग मागे वळली. ओसरीपर्यंतच गेली.

२४ डिसेंबर.

दूध ओढत नाही. रडतही नाही. रड ना ग बाळी.

ती आज अंगणात. येतो म्हणाली. मी गप्प. फाटकापर्यंत गेली. जातेय. रंभाबाईंचं खरं आहे—एकदाच आणखी—

२५, शुक्रवार. दिवेलागण.

ह्यांचा निरोप आला. शेगडी घेऊन आजच्या गाडीनं येतायत. उद्या आम्हाला वर्ध्याला पोचवणार. देवा, सुटलो.

ती फाटकात. पाठमोरी. आत आलीच नाही. पाय फाटकाबाहेर पडतोय—

पाय किंचित कोमट. खरंच. दोनदा बघितलं.

एस.टी.चा हॉर्न.

हे आले. शेगडीचा खणखणाट ऐकू येतोय. फाटकाशी—ती तिथंच आहे—बाजूला सरून वाट देतेय—

ह्यांना काहीच माहीत नाही. चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. शेगडीच फक्त लिहिली होती.

ओरडतेय, शेगडीच्या खणखणाटात ह्यांना ऐकू जात नाही—

ती म्हणाली, येतो जी.

हे हसले. म्हणतायत, या, या, नक्की या, आता आलाच आहात तर आत बसा, आमची लेक बघून—

पाय