कांचनजंगाच्या शेंड्याखाली

काठमांडू, मे अखेर

माय,
तुले आन् बाबाले माहा मनापासून जयभीम.

मी सुखरूप खाली आली. जगातल्या तिसऱ्या नंबरच्या शिखरावर, कांचनजंगावर, तुही नीलम जाऊन आली!

तू इचारशील, एकदम शेंड्यावर पाय ठेवला का? नाही ठेवला. तिकडचे लोक त्या पहाडाले देव मानतात, म्हणून चढणारे शेंड्याच्या जरा खालीच थांबतात. सोबतचा दावा शेर्पा म्हणे, "दीदी, बस, यहीं तक." वर थोडासाच बर्फ उरला होता, पाहाले कोणी नव्हतं, मन लय ओढत होतं. पण मी थांबली अन् हात जोडले. चढल्यापेक्षा थांबल्याचाच मले जास्त अभिमान वाटून राहिला.

बाबाचा खोकला कसा आहे? तेल्हाऱ्यात ऊन लय असन, दुपारी वावरात जाऊ देऊ नको.

माह्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली. डॉक्टर म्हणतात, एखादं कापा लागन. दुखत काही नाही.

पुढच्या महिन्यात अकोल्याले उतरीन. स्टेशनवर ये. मी लंगडत आली तरी रडू नको, ताठ उभी राय. कोणी इचारलं तर मोठ्यानं सांग, माही पोर कांचनजंगावरून आली.

तुही,
नीलम