सिस्टरचा पुठ्ठा आणि मोटरसायकलवाले पोलीस

तात्यापारा, रायपूर
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय इंदूस,

अपर्णाचा सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा, कारण हल्ली अमरावतीत तुझ्या घरी त्याचंच राज्य आहे असं ऐकते. मागच्या फोनवर तू ‘ठीक आहे’ म्हणालीस, पण तो आवाज मी शाळेपासून ओळखते. गणिताचा पेपर कसा गेला असं विचारलं की तू अगदी तसंच ‘ठीक आहे’ म्हणायचीस. औषधं वेळेवर घे, आणि ओट्यासमोर उभी राहून जेवू नकोस. एकट्या माणसालाही ताट वाढून घेता येतं.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. ‘सुखरूप’ हा शब्द सवयीने लिहिलेला नाही, चांगला विचार करून लिहिला आहे. परवा रविवारी दुपारी तो मला लिहिता आला नसता. फोन करूनही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि माझं बोलणं भरकटतं. (ते तसंही भरकटतं, पण कागदावर मला कोणी अडवत नाही.)

तर आमच्या गंधालीचं. पोरगी फिजिओथेरपिस्ट आहे हे तुला माहीत आहे. तिच्या शंकर नगरच्या दवाखान्यात शिशिर नावाचा एक मुलगा कंबर धरून आला. ट्रॅफिक पोलिसात सब-इन्स्पेक्टर, दिवसभर मोटरसायकलवर, त्यामुळे कंबर गेलेली. गंधालीने कंबर बरी केली आणि त्यानंतरही तो येतच राहिला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलगा सरळ, हसरा. अभनपूरचे लोक, घरी फक्त आई, गोदावरीबाई. मला पसंत. अडलं ते यांच्यापाशी. नीलकंठ हा माणूस किती मऊ आहे हे तू जाणतेस (घरातली पालसुद्धा ते ‘चल गं, चल बाहेर’ असं समजावून काढतात), पण पोलीस म्हटल्यावर त्यांनी जी मान हलवली ती महिनाभर तशीच. आणि त्यांचं कारण ऐकल्यावर मला भांडताही येईना. यांच्या लहानपणी शेजारी एक हवालदार राहायचे. संध्याकाळी त्यांचा आवाज दारातून आत आला की बायको, मुलं, म्हातारी आई, सगळे बसल्या जागचे उभे राहायचे. जेवत असले तरी उभे. हे म्हणाले, “माझी पोट्टी कोणी घरात आलं म्हणून उभी राहणार नाही. तिले बसून जेवू दे.” गंधालीने आमच्याबरोबर जेवणं बंद केलं. एकाच घरात बाप बसून जेवतो आहे आणि मुलगी तिच्या खोलीत, असं चाललं होतं, आणि दोघंही मला येऊन विचारत की ते जेवले का, ती जेवली का.

अशा वेळी मला आपला सिनेमा आठवला. इंदू, आठवतो ना? शाळेच्या हॉलमध्ये दाखवलेला तो इंग्रजी सिनेमा, दोन मोटरसायकलवाल्या पोलिसांचा. ते लांबच लांब रस्ते, ते काळे चष्मे, एक जण दुसऱ्याची गाडी दुरुस्त करून देतो आणि मग दोघं रस्त्याच्या कडेला बसून एकाच पेल्यातून कॉफी पितात. किती दिवस आपण दोघी डब्याच्या झाकणातून एकच पाणी पीत होतो त्यानंतर! आणि शेवटी सगळे काळे कपडे घालून चर्चमध्ये जमतात, घंटा वाजतात, आणि आपल्याला वाटलं की देवाचे आभार मानायला आलेत. माझ्या मनात पोलीस म्हटलं की तेच दोघं यायचे. वाटलं, यांना तो सिनेमा दाखवला तर यांच्या मनातला तो हवालदार निघून जाईल.

मधेमधे आपल्या शाळेच्या सिस्टर बेनेडिक्टा पुठ्ठा धरायला लावायच्या, हे मला आठवत होतं बरं का. आठवत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. सिस्टर आधी एकट्या सिनेमा पाहून ठेवायच्या, मग नको ती जागा आली की तुझ्या खांद्यावर टिचकी मारायच्या, तू प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरायचीस आणि आम्ही सगळ्यांनी मोठ्याने प्रार्थना म्हणायची, म्हणजे आवाजही ऐकू जाऊ नये. मला वाटायचं मशीन तापतं म्हणून त्याला विश्रांती देतात. शाळेतला तो सर्वांत छोटा सिनेमा होता आणि सर्वांत जास्त प्रार्थना त्याच दिवशी झाल्या होत्या. तरीही मला काही संशय आला नाही. चांगल्या शाळेत शिकल्याचा हा परिणाम.

शेजारचा निरंजन कोचिंग क्लास चालवतो, त्याच्याकडे प्रोजेक्टर आहे. नाव मला आठवत नव्हतं, पण नुसत्या वर्णनावरून त्याने सिनेमा शोधून काढला. सुरुवात लावून दाखवली. ऊन, रस्ता, दोन मोटरसायकली. माझे डोळे भरून आले आणि मी त्याला बंद करायला सांगितलं. म्हटलं, पुढचं सगळ्यांबरोबर पाहू. (माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा डोळे भरून आल्यामुळे तपासायच्या राहिल्या आहेत.) यांना सांगितलं की नुसतं सिनेमा पाहायला बोलावते आहे, होकाराचा प्रश्नच नाही. शिशिरला आणि गोदावरीबाईंना रविवारी दुपारी बोलावलं. आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, तळले. भिंतीवर पांढरी चादर लावली, खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली. दिवाणावर एका टोकाला हे बसले, दुसऱ्या टोकाला शिशिर, आणि मधे एक माणूस मावेल एवढी जागा दोघांनीही सोडली. मी प्रोजेक्टरपाशी स्टुलावर. गोदावरीबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून मी भाषांतर करणार होते, आणि तशी जाहीर घोषणाही करून बसले होते.

पहिली काही मिनिटं स्वर्ग. मग एका माणसाची गाडी मोटरसायकलवाला पोलीस थांबवतो, खिडकीपाशी वाकतो आणि त्याला गोळी घालतो. सरळ. कपाळात. मला वाटलं चुकून झालं असेल. गोदावरीबाईंनी विचारलं, “काय म्हणे तो?” मी म्हटलं, गाडीचे कागद मागतोय. पुढे आणखी एक मेला. मी म्हटलं, त्याला बरं नाहीये, झोपला आहे. तिसऱ्याच्या वेळी रक्त एवढं होतं की माझं इंग्रजीच संपलं. इंदू, तो सगळा सिनेमाच खुनांचा आहे! गावात खून होतात, सगळे खुनी शोधत असतात, आणि खुनी कोण, तर हेच आपले मोटरसायकलवाले! आपल्या वेळी शिल्लक राहिली होती ती फक्त कॉफी आणि रस्ता.

गंधाली अंधारातून दबक्या आवाजात म्हणाली, “आई, ये कौन सी पिक्चर लगा दी?” मी उठले आणि प्रोजेक्टरसमोर हात धरला. चादरीवर माझा हात हत्तीएवढा, बांगड्यांसकट. खोली काळी झाली, पण आवाज चालूच, किंकाळ्या, गोळ्या. आणि मग, देवाशपथ सांगते, माझ्या तोंडून आपोआप शाळेची प्रार्थना सुरू झाली. मोठ्याने. या वयात. गोदावरीबाई भल्या बाई, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि शेजारी बसलेल्या गंधालीला विचारलं, “काहो, तुमच्या इथं सिनेमात आरती करतात का?” अंधारात यांचा आवाज आला, “अपर्णा, हात काढ ना! कोणी मारलं ते पाहू दे मले!”

मी हात काढला. चादरीवरचा उजेड दिवाणावर पडला आणि मधली ती रिकामी जागा मला दिसेना. हे आणि शिशिर अगदी खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि शिशिरने डोळे गच्च मिटून यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. यांनीही सोडवून घेतला नव्हता. कोण सरकलं हे अजून ठरलेलं नाही. दोघंही दुसऱ्याचं नाव घेतात.

पुढचा सिनेमा आम्ही तसाच पाहिला. हे प्रत्येक वेळी शिशिरला सांगत होते, “झालं, आता उघड डोळे.” म्हणजे माझा पुठ्ठा यांनी हातात घेतला म्हण. शेवटी चर्च आलं, घंटा वाजल्या. ते आभार नव्हते गं. कॉफी पिणाऱ्या त्या दोघांपैकी एकाचं ते शेवटचं दर्शन होतं. दुसरा, ज्याने त्याला गोळी घातली तोच, मान खाली घालून उभा होता. मला रडू आवरेना आणि गोदावरीबाईंना वाटलं की मी कथेमुळे रडते आहे.

दिवे लागले. मी मनात म्हटलं, संपलं, आता पोरगी आयुष्यभर खोलीत जेवणार. यांनी शिशिरला विचारलं, “काहून रे, रोज रस्त्यावर अपघात पाहतोस आणि हे पाहवत नाही?” तो लाजून म्हणाला, “सड़क पर हाथ चलते रहते हैं ना काकाजी, काम रहता है. यहाँ बैठे-बैठे मुझसे नहीं होता.” तेवढ्यात गोदावरीबाई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आल्या (मी रडत होते म्हणून चहाही त्यांनीच केला), आणि आई दारात दिसताच शिशिर ताडकन उभा राहिला. ट्रे घेतला, आईला दिवाणावर आपल्या जागी बसवलं आणि स्वतः कप घेऊन दाराशी उभा राहिला. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग गंधालीला म्हणाले, “याच्या घरात हाच उभा राहते. तारीख पाहून घे.”

त्या दिवशी रात्री आम्ही तिघं एकत्र जेवलो, इंदू. बसून. साधं वरण-भात आणि उरलेले आलूगुंडे, पण मला असं वाटलं की छातीवर कोणी दगड ठेवला होता तो उचलून अंगणात नेऊन ठेवला. साखरपुडा पुढच्या महिन्यात, आमच्याच घरी. नीट पत्रिका पाठवतेच.

तुझीच,
अपर्णा

ता. क. हे सगळ्यांना सांगत सुटले आहेत की बायकोने मुद्दाम तो सिनेमा निवडला, पोराची परीक्षा घ्यायला. मला काहीच माहीत नव्हतं यावर त्यांचा विश्वास नाही. त्या पुठ्ठ्याची साक्षीदार म्हणून तू यांना दोन ओळी लिही.

आणखी एक. लिहू नकोस. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदाच हुशार म्हणत आहेत. राहू दे.

शेवटचं, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच हे पत्र. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सिनेमा ठरला आहे, यावेळी गोदावरीबाईंच्या पसंतीचा. भक्तीचा आहे म्हणतात. पण मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तो पाहताना शिशिर तान्हा होता, मध्यंतरातच रडायला लागला आणि त्या उठून घरी गेल्या. पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. तेव्हा पुठ्ठा धरायला कोणीतरी सरावाचं माणूस हवं. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, घरात फिजिओथेरपिस्ट आहे. भाऊजी गेल्यापासून तू अमरावतीबाहेर पडली नाहीस, तेही मला सांगू नकोस, मला माहीत आहे. साडीच्या खोक्याचं झाकण काढून ठेवलं आहे. तुझ्या खांद्यावर टिचकी मी मारीन.